सरड्याची धाव

आज दोडामार्गात मामाच्या पोफळीच्या बागेत मान अवघडेपर्यंत वर बघत बसलो होतो. खोडावरच्या सालीच्या ढलपीने अचानक गळ्याखालचा पिवळाधमक पडदा दोनदा बाहेर काढला. उडता सरडा! नर. शेपटीसकट जेमतेम वीतभर. मग बरगड्या पसरल्या, त्यांवरची कातडी ताणली गेली आणि स्वारी तिरकी तरंगत पुढच्या पोफळीवर. फडफड नाही, आवाज नाही. टेकला की पुन्हा साल. (कुंपणाची म्हण करणाऱ्याने हा बघितलेला नसणार.)

लहानपणी कुंपणावरच्या सरड्याची मान लाल झाली की तो रक्त पितोय म्हणून आम्ही दगड मारायचो. खरं तर तो विणीच्या काळातला नराचा रंग, पण तेव्हा सांगणार कोण! म्हणून विचारलं, इथे यालाही मारतात का? सुपारी उतरवणारे काका वरूनच ओरडले, "कित्याक? मुंगळे खाता तो. नायतर ते माकाच चावतले!"

मादी तेवढी अंडी घालायला जमिनीवर उतरते, एरवी सगळा संसार वरच.

फोटोत साल छान आलीय. सरडा तुम्ही शोधा.