देवाचा विषय निघाला की मी झोपेवर यायचे

काउन्सेलिंगच्या ट्रेनिंगचं दुसरं वर्ष. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी काउन्सेलरसोबत आपल्या केसेसवर बोलताना, मी क्लायंटचं सगळं सांगायचे, झोप, भूक, घरातली भांडणं, फक्त एक गोष्ट सोडून. त्या बाई (तपशील बदललेत) दर सेशनला म्हणायच्या, "देवाने मला शिक्षा दिली" आणि मी लगेच, "बरं, या आठवड्यात झोप कशी लागली?" सेशनचं रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी नेमकं तिथेच थांबवलं, मागे नेलं, परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मलाच लाज वाटली कारण माझ्या प्रश्नानंतर त्यांचा आवाज चक्क बारीक होत होता.

मी म्हटलं, आपली मतं क्लायंटवर लादायची नाहीत ना? "लादू नकोस. विचारायला कोणी मना केलंय?" मग त्यांनी सांगितलं की डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण अशी वेगळी नोंद १९९४ पासूनच आहे, आणि पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाचं कामही सांगितलं, म्हणजे देव पाठीशी आहे असं वाटणं वेगळं आणि देव शिक्षा देतोय असं वाटणं वेगळं, दुसऱ्यात माणसाचा त्रास जास्त दिसतो. फिका नावाचे प्रश्नही दिले, मूळ डॉक्टरांसाठी बनवलेले: श्रद्धा कशावर, तिचं आयुष्यात वजन किती, सोबतीला त्या श्रद्धेची माणसं आहेत का, आणि उपचारात याचं काय करायचं.

इथपर्यंत सोपं होतं. मग मॅडमनी विचारलं, "तुझं आणि देवाचं काय?" आणि मी रडायलाच लागले. बाबा गेल्यापासून मी हात जोडले नव्हते, हे कोणाला बोलले नव्हते. मॅडमनी पाणी दिलं, थोडं ऐकलं आणि थांबवलं. या केसला भिडतं तेवढंच इथे, बाकीचं तुझ्या थेरपिस्टकडे. तेव्हा राग आला खरं तर, आता वाटतं बरोबर केलं. वर म्हणाल्या, "दीड वर्षात मीही तुला हे कधी विचारलं नाही, म्हणजे तू तिच्याशी वागलीस तशीच मी तुझ्याशी." याला पॅरलल प्रोसेस म्हणतात, पुस्तकात वाचलं होतं, पण आपण स्वतःच त्यात सापडू असं वाटलं नव्हतं!

पुढच्या सेशनला त्या बाईंचं शिक्षेचं वाक्य आलंच. मी विचारलं, "शिक्षा कशाबद्दल वाटते तुम्हाला?" बराच वेळ गप्प होत्या, मग जे बोलायला लागल्या ते सेशन संपेपर्यंत. झोपेचं विचारायचं राहूनच गेलं.