गाठ, ठिपका आणि पॉवर्सचा सिद्धांत

दोन सारखे रबरबँड घ्या आणि एकमेकांत अडकवून मधे गाठ करा. कागदावर एक ठिपका काढा. एका बाजूच्या रबरात तुमचं बोट, दुसऱ्या बाजूच्या रबरात समोरच्याचं. त्याला एवढंच सांगा : गाठ ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. आता तुमचं बोट सावकाश मागे घ्या, पुढे आणा, आडवं न्या. झटका देऊ नका. डोळ्यांनी बघून हात हलवायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, आणि झटका दिला की गाठ तेवढ्यात निसटते.

बाजूला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणेल, ‘हा तुमची नक्कल करतोय, उलट्या दिशेने.’ दिसतंही तसंच. तुम्ही पाच सेंटिमीटर मागे गेलात की तोही पाच सेंटिमीटर मागे जातो. पण आता त्याच्या बाजूला एकाऐवजी दोन रबरबँड जोडीने लावा. तुम्ही पुन्हा पाच सेंटिमीटर ओढलंत, तर त्याचा हात साधारण निम्माच सरकतो. नक्कल मोडली, गाठ मात्र जागेवरच आहे. त्याला रबर बदलल्याचं सांगायचीही गरज नसते.

विल्यम पॉवर्स यांचा संवेदन-नियंत्रण सिद्धांत एवढ्या साहित्यात जवळजवळ सगळा दाखवता येतो. 1960 मध्ये क्लार्क आणि मॅकफार्लंड यांच्यासोबतच्या लेखात त्याची सुरुवात झाली आणि 1973 मध्ये तो पुस्तकरूपाने सविस्तर आला. पॉवर्स मुळात भौतिकशास्त्राचे. फीडबॅकची, म्हणजे कृतीचा परिणाम फिरून पुन्हा कृतीवरच येतो अशा फेऱ्यांची, गणितं त्यांच्या हातातली होती. म्हणणं असं, की सजीव आपल्या हालचाली ठरवून करत नाही. त्याला काय जाणवायला हवं, ते ठरलेलं असतं. हालचाल ते टिकवण्यासाठी जी लागेल ती होते.

अशा फेऱ्याचे भाग मोजकेच. गाठ कुठे दिसतेय, हे संवेदन. ती कुठे दिसायला हवी, हे संदर्भमूल्य. दोन्हींतला फरक म्हणजे तफावत. ती ‘गेन’च्या, म्हणजे एका ठरावीक आकड्याच्या, पटीत वाढून कृती होते. तुमची ओढाताण हा व्यत्यय. कृती आणि व्यत्यय यांची बेरीज होऊन पुन्हा संवेदन बनतं. संदर्भमूल्य आतून येतं, हा इथला कळीचा मुद्दा. खेळ चालू असताना समोरचा मनातल्या मनात ‘आता ठिपक्याभोवती गोल फिरवू’ असं ठरवू शकतो; बाहेर काहीही न बदलता हाताचा सगळा नकाशा बदलतो.

आकड्यांत बघू. संदर्भमूल्य 0, व्यत्यय 10, गेन 50. शेवटी उरणारी तफावत 10 भागिले 51, म्हणजे जेमतेम 0.2, आणि कृती उणे 9.8. म्हणून कृतीचा आलेख व्यत्ययाची आरशातली प्रतिमा वाटतो, आणि लोक त्यालाच ‘उद्दीपकाला प्रतिसाद’ समजून बसतात.

स्प्रेडशीटमध्ये करून बघणारे इथे हमखास अडकतात. दर पायरीला कृती = 50 × तफावत असं सरळ लिहिलं, तर संवेदन 10 वरून उणे 490 वर जातं, तिथून 24,510 वर, आणि पुढे बघायलाच नको. ‘सिद्धांत चुकीचा’ म्हणून फाइल बंद! चूक सिद्धांताची नसते. खरे स्नायू एका क्षणात पन्नासपट उडी घेत नाहीत. जुन्या कृतीत (50 × तफावत − जुनी कृती) × 0.01 एवढंच मिळवत जा. मग संवेदन 10, 5, 2.55, 1.35, 0.76 असं उतरत 0.2 पाशी स्थिरावतं. हा 0.01 वाढवत 0.04 केलात, की पुन्हा झोके सुरू होऊन ते वाढतच जातात.

समोरचा नक्की काय सांभाळतोय, हे ओळखायची रीतही यातूनच निघते. आधी अंदाज बांधा. तो अंदाज खरा नसेल तर ज्याने ती गोष्ट हमखास बदलेल, असा हलका व्यत्यय द्या. बदलली, तर अंदाज चुकला. बदलली नाही, तर ती कशामुळे टिकली ते शोधा आणि त्याला ती दिसू देऊ नका. गाठीवर पुठ्ठा धरला आणि गाठ भरकटली, तर अंदाज बराचसा पक्का. बहुतेक जण ही शेवटची पायरी गाळतात. मग जाम बसलेला खिळाही ‘नियंत्रण करतोय’ असं ठरतं, कारण तोही हलत नाही.

पॉवर्स यांनी अशा फेऱ्यांच्या अकरा पातळ्या सुचवल्या : सगळ्यात खाली नुसती तीव्रता, वर तत्त्वं आणि ‘मी कोण’ यांसारख्या कल्पना. वरची पातळी खालच्या पातळीला हालचालीचा हुकूम देत नाही, फक्त तिचं संदर्भमूल्य ठरवते. खालच्या पातळ्यांवर हे मॉडेल माणसाच्या हाताशी फार छान जुळतं. वरच्या पातळ्यांची यादी मात्र मी पेन्सिलनेच लिहून ठेवेन. एखाद्याच्या तत्त्वाला हलका, मोजता येईल असा व्यत्यय कसा द्यायचा?

आता तुम्हीही मनात ठरवा, की गाठ ठिपक्याच्या पाच सेंटिमीटर उजवीकडे हवी. दोघंही चोख काम करताय, तरी गाठ दोघांच्याही जागी नाही. ती मधेच कुठेतरी थांबते, रबर ताणत जातं आणि कुणाचाच व्यत्यय तिला फारसा हलवत नसल्याने लांबून सगळं शांत दिसतं. एकाच माणसाच्या आत दोन संदर्भमूल्यं अशी भिडली, तर पॉवर्सच्या भाषेत तो अंतर्गत संघर्ष. जास्त जोर लावून तो सुटत नाही, कारण समोरची बाजूही तेवढाच जोर लावते. टिम केरी आणि वॉरन मॅन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी पुढे नेलेली ‘मेथड ऑफ लेव्हल्स’ ही उपचारपद्धत म्हणूनच सल्ला देत नाही. माणूस बोलता बोलता थबकला, हसला किंवा नजर वळवली, की उपचारक विचारतो, ‘आत्ता मनात काय येऊन गेलं?’ ही दोन संदर्भमूल्यं जिथून येतात, त्या वरच्या पातळीवर त्याचं लक्ष जावं, एवढाच त्या प्रश्नाचा हेतू.