कर्ज डोक्यावर, तरी नाटक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही पहिले नाहीत. नागपुरात ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, सासरचे पाहुणे विचारतात. २०२३ साली आमच्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा अभिनंदन करणाऱ्यांनीही पुढच्याच वाक्यात विचारलं. धानाचं एकच पीक, घरोघरी सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज, आणि दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि रात्रभर नाटक. एवढा वेळ, एवढा पैसा येतो कुठून? मागे राहिलात ते यामुळेच ना?

इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आले. आज बदलत नाही.

आधी वेळेचं बोलू. मृगात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे, मग रोवणी. पावसात दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभं राहायचं. मग निंदण, कापणी, पुंजणे, चुरणे. ज्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, तलावाचं पाणी पुरतं तो उन्हाळी धान लावतो. बाकीच्यांनी लाखोळी-जवस फेकलं तर फेकलं, नाहीतर जमीन पुढच्या पावसाची वाट बघते. पुढे मोहफुलं वेचणं आहे, तेंदूपत्ता आहे, कित्येकांना तेलंगणात मिरची तोडायला जायचं असतं. धान घरात येणं आणि घर सोडून जाणं, यांच्या मधल्या दिवसांत आम्ही नाटक बघतो. आयटीतला माणूस डिसेंबरात गोव्याला जातो, त्याला कोणी विचारत नाही की घराचा हप्ता फिटला का.

आणि पैसा. गावातलं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीला इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन तारीख घेतं. गाव वर्गणी काढतं, पण खरा खर्च निघतो तिकिटातून, आणि तिकीट घेणारे बहुतेक बाहेरगावचे. त्यातून मंडपवाला, लाइटवाला, ऑर्गनवाला, तबलजी, पत्रकं छापणारा, चहा-भज्यांचं दुकान लावणारा, सगळ्यांची कमाई होते. उरलेल्या पैशातून आमच्या गावाने शाळेच्या एका खोलीवर पत्रे टाकले. भाऊबीजेला लेकी माहेरी असतात, मंडईला त्यांच्या सासरचे येतात, सोयरिकी जुळतात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, वर्षभर न बोललेले दोन भाऊ एकाच पाहुण्याच्या पंगतीला बसतात. हा विकास नाही, तर मग विकास कशाला म्हणायचं ते मला कोणीतरी सांगा.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली, तीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं भांडले तेव्हा. तुम्ही उपभोगता तो रविवार असा आला आहे. संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाहापुरतं वेतन मिळावं असं म्हटलंय, आणि त्याच वाक्यात फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधीही म्हटल्या आहेत. तिथे शेतीतल्या कामगाराचा उल्लेख स्पष्ट आहे. ‘कर्ज फिटल्यावर’ अशी अट नाही.

आता ती गोष्ट सांगते. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

माझं बारावीचं वर्ष होतं. धान लोंबीवर आलं आणि तुडतुड्याची कीड पडली. लांबून बांधी पिकल्यासारखी दिसायची, जवळ गेलं की जळालेली. बाबा पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून, मागायला बँकेत निघाले. अर्ज माझ्या हातचा, म्हणून मलाही सोबत घेतलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, लग्नाला जातात तसा. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, मला वाटलं आता सही करतील. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक गुलाबी पत्रक काढलं आणि टेबलावर आमच्याकडे फिरवून ठेवलं. आमच्याच गावच्या नाटकाचं. खाली मंडळाचे अध्यक्ष म्हणून बाबांचं नाव ठळक छापलेलं.

“नाटकाला पैसे आहेत, अन् हप्त्याला नाहीत?”

मागच्या रांगेत आमच्या आणि शेजारच्या गावची माणसं होती. कोणीतरी हसलं. मी बाबांकडे बघत होते, कारण उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. मंडळाच्या सभेत हिशेब तेच वाचायचे. वर्गणी किती, त्यांच्या वाट्याची एका कट्ट्याच्या (पोत्याच्या) धानाइतकीही नाही, तिकिटं किती, शाळेला किती. उभ्या गावासमोर मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. दंडार या लोकनाट्यात नाचून, सोंगं काढून आवाज कमावलेला. ते त्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं साहेब.”

काय चुकलं होतं? मी त्यांना कधी विचारलं नाही. पत्रक त्यांनी उचललं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर मला चहा पाजला, स्वतः घेतला नाही. बसस्टँडवर एवढंच म्हणाले, “आईजवळ बोलू नको, बाई.”

त्याच रात्री त्यांनी मंडळात सांगितलं, यंदा नाटक नको. लोक भांडले, मग गप्प झाले, कारण धान सगळ्यांचंच गेलं होतं. नाटक रद्द झालं, त्याबरोबर मंडईही. इसार बुडाला, म्हणजे पैसे गेले आणि नाटकही गेलं. बाहेरगावचे प्रेक्षक आले नाहीत, तिकिटं नाहीत, दुकानं नाहीत. मंडईला ताईसाठी एक स्थळ येणार होतं, ते लोक मंडईच नाही म्हणून आले नाहीत, पुढे दुसरीकडे जमलं त्यांचं. आणि पुनर्गठन? ते झालं. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली, म्हणून अख्ख्या भागाचंच झालं. ज्यांच्या गावात त्या वर्षी नाटक रंगलं, त्यांचंही झालं. आमच्या न झालेल्या नाटकाने बँकेचा एक रुपया फेडला नाही.

बाबा त्या हिवाळ्यात मिरचीला गेले. पुढच्या वर्षी नाटक झालं, पण पत्रकावर स्वतःचं नाव त्यांनी छापू दिलं नाही. अजूनही देत नाहीत.

तुम्हाला वाटेल, हे बघून मी तेव्हाच नाटकाच्या बाजूची झाले असेन. नाही. नागपुरात शिकायला आले आणि साहेबांसारखंच बोलू लागले. वसतिगृहात विषय निघाला की म्हणायचे, रात्र रात्र जागण्यापेक्षा आमच्या लोकांनी चार महिने काही जोडधंदा करावा. माझ्यातल्या तेव्हाच्या त्या मुलीशी मी अजून भांडते. मी तिला म्हणते, कोणता जोडधंदा? रस्ता, वीज, बाजार यांतलं काय होतं तेव्हा गावात? नाटक हाच तो जोडधंदा, आणि तो आम्ही अनुदानाशिवाय उभा केला. ती म्हणते, मग पडदा ओढणारा पोरगा पावसाळ्यात परत दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला का जातो? म्हातारपणी नटाच्या हाती काय उरतं? याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे.

शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलांच्या शर्यतीबद्दलही ती मला पकडते. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत शेजारच्या गावची मंडई ओस पडली, कारण दिवसा पटाला येणारी गर्दीच रात्री नाटकाला थांबायची. मला ते फार लागलं. पण बैलाच्या शेपटीचं काय करायचे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गावाची मौज होती म्हणून ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही.

आणि शेवटी ती मुलगी आईचं नाव काढते. तिथे मी अडते.

मंडईला घरात वीस-पंचवीस पाहुणे असायचे. वडे, पुऱ्या, भाजी, परत चहा. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालायचं, तेव्हा आई भांडी घासून सकाळच्या नाश्त्याची तयारी करत असायची. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ९७. मंडईच्या दिवशी आईची मिनिटं कोण मोजणार? वर मी ज्या सोयरिकी, पंगती आणि मिटलेली भांडणं अभिमानाने सांगितली, त्यातलं सगळं तिने रांधलेलं होतं. आमची फुरसत तिच्या अंगावरून आली.

यंदा मी मंडळात म्हटलं, पाहुण्यांचं जेवण गावाने एकत्र करा, आचारी लावा, पैसे तिकिटातून द्या, बायकांना पुढच्या रांगा ठेवा. बाबा हो म्हणाले, दोघं-तिघं हो म्हणाले, बाकीचे म्हणाले घरच्या पाहुण्याला बाहेर कसं जेवू घालायचं. आईला मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवते.

ती म्हणाली, “मले नाटक नाई पायजे वं. त्या रात्री मले कोनी झोपू द्या.”

आचाऱ्याचा विषय पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. नाटक हवंच, यावरून मी मागे हटत नाही. पण आईला आता कोणत्या तोंडाने सांगू की ते तिच्यासाठीही आहे?