मूळ कनेक्टिंगवर ३७५ पीएस: २.० टीएसआय इंजिन न खोलता किती ताणायचं

इंदूरमध्ये बदल केलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भिया, कित्ता पॉवर?" २.० टीएसआय, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल इंजिनात, पिस्टन, कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड) आणि क्रँक कंपनीचेच ठेवून टर्बो मोठा करणार असाल, तर त्याआधी विचारायला हवं: टॉर्क किती, आणि कोणत्या आरपीएमला? कनेक्टिंगला हॉर्सपॉवरशी देणंघेणं नसतं. त्याच्या डोक्यावर येतो तो सिलिंडरमधला दाब, आणि तो दाब टॉर्कबरोबर वाढतो.

हिशोब साधा आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ७०२२ ने भागा, की पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, मिळतात. ३७५ पीएस हवेत आणि ते ४८०० आरपीएमला काढायचे ठरवले तर जवळजवळ ५५० न्यूटन-मीटर लागतात. तेच ३७५ पीएस ६५०० ला काढले तर ४०५ मध्ये काम होतं. छापील आकडा एकच, पण पहिल्या इंजिनाच्या ब्लॉकमधून रॉड बाहेर डोकावण्याची शक्यता बरीच जास्त.

आता उदाहरण म्हणून स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊ, कारण आपल्याकडे या कामासाठी सहज हाताशी येणारी गाडी तीच. २०१७ मध्ये २३० पीएसची आली, २०२० मध्ये २४५ ची. दोन्हींत ईए८८८ घराण्यातलं तिसऱ्या पिढीचं १९८४ सीसीचं इंजिन आहे: बोअर ८२.५ मिमी, स्ट्रोक ९२.८ मिमी. २३० वालीचा मूळ टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. म्हणजे सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब २२ बारच्या आसपास. टॉर्क ४६० वर नेला की तो २९ बार होतो, ५५० वर नेला की ३५ च्या घरात. या इंजिनाच्या मूळ रॉडची मर्यादा ५०० ते ५५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान धरतात. पण ती थंड हवेत आणि चांगल्या पेट्रोलवर. मे महिन्यातल्या इंदुरात ४६० ला थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१.८ टीएसआय वाल्यांसाठी एकच वाक्य: तिचा सात स्पीडचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठीच बनलेला आहे, तेव्हा मोठ्या टर्बोचा विचार सोडून द्या.

कमी आरपीएमचा टॉर्क जास्त घातक का? पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा त्याचं स्वतःचं वजन रॉडला वर ओढत असतं, आणि पेटलेला वायू खाली दाबत असतो. ६००० आरपीएमला ही ओढ मोठी असते, त्यामुळे दाबाचा बराच भाग तिथेच खर्ची पडतो. २५०० ला ओढ नगण्य, सगळा दाब थेट रॉडवर. शिवाय पिस्टन वरच्या टोकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, मिश्रण जास्त वेळ तापतं आणि ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका वाढतो. ठिणगीआधीचा असा एकच स्फोट पिस्टनची रिंगलँड, म्हणजे दोन रिंगांमधली पातळ कड, तोडायला पुरेसा असतो. याचा अर्थ रेडलाइन, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, वाढवायची असा मात्र घेऊ नका. ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. रेडलाइन जिथे आहे तिथेच राहू द्या.

काम सुरू करण्याआधी इंजिन तपासा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, फ्युएल पंप आणि इंजेक्टर बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवून कॉम्प्रेशन घ्या. बॅटरी अर्धमेली असेल तर आकडे खोटे येतात. चारही सिलिंडरमध्ये एक बारपेक्षा जास्त फरक दिसला तर गेज बाजूला ठेवून लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरा आणि हवा कुठून निसटते ते ऐका: ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. हे चारही आकडे तारखेसह लिहून ठेवा, पुढे त्यांचीच गरज पडणार आहे. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं हाउसिंग या इंजिनात गळण्यासाठी प्रसिद्ध आहे. गुलाबी पांढरट डाग दिसला की आधी ते बदला.

टर्बोसाठी सरळ मार्ग म्हणजे गोल्फ आर मधला आयएस-३८. मूळ आयएस-२० च्या जागी तो जवळजवळ तसाच बसतो. तिसऱ्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे वेगळा मॅनिफोल्ड बनवायची भानगड नाही. गॅसकेट, स्टडवरचे नट, ऑइल लाइनचे वॉशर नवेच घाला. आयात केलेला टर्बो घेताना शाफ्टला बोटाने हलवून पाहा: आडवी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे हालचाल जाणवली तर परत करा. वेस्टगेटचा, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा, अ‍ॅक्चुएटर इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे बसवल्यावर स्कॅनरने त्याचं अ‍ॅडॅप्टेशन (गाडीच्या कॉम्प्युटरला त्याच्या हालचालीची हद्द शिकवणं) करावंच लागतं. ते चुकवलं की बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, एकतर येत नाही किंवा आवरत नाही. पहिल्यांदा चालू करताना इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. कोरड्या बेअरिंगवर टर्बो फिरवला तर त्याचं आयुष्य तिथेच अर्धं होतं.

उष्णतेवर थोडा जास्त वेळ घालवू, कारण परदेशातले आकडे आपल्याकडे फसतात ते इथेच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवेचा दाब साधारण ०.९५ बार. त्यावर १.५ बार बूस्ट चढवलं तर कॉम्प्रेसरला हवा सुमारे २.६ पट दाबावी लागते. बाहेर ४२ अंश तापमान आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून निघणारी हवा १८० अंशांच्या आसपास असते. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना तीच १४० च्या आत. म्हणजे एकाच मॅपवर (ईसीयू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंगवर) मे महिन्यात इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, तोंडाशी ४० अंश जास्त. त्यात या गाडीचा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या मागे बसतो, म्हणजे एसी चालू असताना त्याला आधीच तापलेली हवा मिळते. मोठा, बार-अँड-प्लेट जातीचा इंटरकूलर घाला. कसोटी अशी: तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इनटेकचं तापमान बाहेरच्या तापमानापेक्षा २० अंशांहून जास्त चढता कामा नये. जास्त चढलं तर आधी बंपर आणि इंटरकूलरमधल्या फटी एअर-गाइडने, म्हणजे हवा वळवणाऱ्या पट्ट्यांनी, बंद करा. तिथून निसटलेली हवा फुकट जाते. आणि बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावून हिस्सऽऽ आवाज काढणारे भेटतात, त्यांना त्यांचा आवाज लखलाभ. तो फिल्टर रेडिएटरच्या मागची गरम हवा खातो आणि आपल्याकडची धूळही.

पेट्रोलचं गणितही बदललं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणून ट्यूनिंग एअर-फ्युएल आकड्यावर करू नका, लॅम्डावर करा, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाणाला त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाने भागून येणाऱ्या आकड्यावर. पूर्ण लोडला ०.८० ते ०.८५. इथेनॉलमुळे हवा थंड होते आणि नॉक, म्हणजे मिश्रणाचा ठोका देणारा अवेळी स्फोट, कमी होतो, हा फायदा. पण इंधन आठ-नऊ टक्के जास्त लागतं, आणि ते थेट सिलिंडरमध्ये सोडायचं असल्याने वेळ मोजका. ६५०० आरपीएमला चार स्ट्रोकचं पूर्ण चक्र साडेअठरा मिलिसेकंदांत संपतं, त्यातला इंजेक्शनला मिळतो तो लहान तुकडा. हाय-प्रेशर पंप कमी पडला की रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब, २०० बारवरून घसरू लागतं. ते १६० च्या खाली गेलेलं लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) दिसलं तर मोठा पंप घाला किंवा वरच्या आरपीएमचं बूस्ट उतरवा; मिश्रण पातळ होऊ द्यायचं नाही. ९५ ऑक्टेनवर ३४० ते ३५० पीएसचा मॅप ठेवा. ३७५ चा मॅप फक्त १०० ऑक्टेनसाठी, आणि दोन्ही मॅप वेगळे, बदलता येणारे असावेत. साध्या पेट्रोलवर यातला कुठलाच चालवू नका.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड घ्या, गॅप ०.६ मिमी. जास्त गॅप ठेवला तर दाट हवेत ठिणगी विझते, गाडी ५००० च्या पुढे अडखळते, आणि लोक उगाच पंप बदलत बसतात.

आता मॅप. टॉर्कची रेषा ट्यूनरला कागदावर लिहून द्या: ३००० ला ३६०, ३५०० ला ४१०, ४००० ते ५५०० पर्यंत ४६०, ६००० ला ४४०, ६५०० ला ४०५. त्यातून ३७५ पीएस निघतात. "नीचे से खेंचती नहीं" असं मित्र म्हणतील, म्हणू द्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणखी कमी ठेवा, पुढची चाकं तेवढं पेलतच नाहीत. ट्यूनरला एक गोष्ट ठणकावून विचारा: ईसीयूतलं टॉर्क मॉडेल खरं ठेवलंय की खोटं? काहीजण गिअरबॉक्सने अडवू नये म्हणून इंजिन ४६० देत असताना ३५० देतंय असं दाखवतात. मग २३० वालीतला सहा स्पीडचा डीक्यू२५० गिअरबॉक्स क्लचवर ३५० पुरताच दाब देतो, क्लच घसरतो, आणि त्याचा काळा भुगा ऑइलमध्ये फिरून मेकाट्रॉनिकमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये, जातो. मॉडेल खरं ठेवून गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही सोबतच करून घ्यायचं, वेगळं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल कंपनी ६०,००० किमीला सांगते, तुम्ही ३०,००० ला बदला. त्याची पातळी ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना बघायची असते. मे महिन्यात दुपारी शेडखाली उभी गाडीसुद्धा त्या तापमानाला बसल्या बसल्याच पोहोचते, म्हणून हे काम सकाळी लवकर घ्या.

डायनोवर, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या रोलर यंत्रावर, लॉगमध्ये चार गोष्टी बघा: प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉक ऐकून ईसीयूने ठिणगी किती अंश उशिरा दिली), लॅम्डा, रेल प्रेशर, इनटेक तापमान. रिटार्ड अधूनमधून दोन-तीन अंश चालतं. एकाच सिलिंडरमध्ये सतत चारच्या वर जात असेल तर टायमिंग काढा (ठिणगी उशिरा द्या), बूस्ट नव्हे; तरीही थांबलं नाही तर दोन्ही. छापील पावतीवर हवामानाचं करेक्शन लावलं आहे का ते विचारा. टर्बो गाडीत ईसीयू बूस्ट स्वतःच भरून काढतो, त्यामुळे उन्हाळ्यात ते करेक्शन पीएसचा आकडा फुगवतं.

रस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पाय पूर्ण दाबण्याची सवय मोडा. डी मोडमध्ये गिअरबॉक्स तिथेच नेऊन बसवतो, म्हणून जोरात जायचं असेल तर एस मोड. ठिणगीआधी पेटण्याची खोड ऑइलशीही जोडलेली आहे: एपीआय एसपी दर्जाचं आणि फोक्सवॅगनची मान्यता असलेलं ऑइल वापरा, दर ७,५०० किमीला बदला. ऑइलचं तापमान १२५ अंशांवर गेलं की पाय काढा.

बिघाडाची पहिली खूण प्लगवर दिसते. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे बारीक, चमकणारे ठिपके भिंगातून दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, गाडी तिथेच उभी करा. रिंगलँड गेली की ऑइलचं झाकण फुरफुरतं आणि ओव्हररन (गिअरमध्ये असताना पाय सोडणं) नंतर निळा धूर येतो. वाकलेला रॉड आवाज करत नाही. पिस्टन वर एखादा मिलिमीटर कमी जातो, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरतं, आणि आयडलला हलकी थरथर येते. तशीच पळवली तर खाली पिस्टनचा स्कर्ट क्रँकच्या वजनाला लागतो, आणि मग ब्लॉक बदलण्यावाचून पर्याय नाही.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. विमा कंपनी दावा नाकारू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढूच नका. या पॉवरला त्याची अडचण होत नाही. इंदूरचा सुपर कॉरिडॉर हा लोकांचा रस्ता आहे, चाचणीचा नाही. जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हाय-स्पीड ट्रॅक जून २०२१ पासून आहे, पण गेटवर पावती फाडून आत जाता येत नाही. क्लबमार्फत आयोजित दिवस मिळाला तर मिळाला. नाहीतर डायनो.

पहिल्या १,००० किमीनंतर चारही प्लग आणि कॉम्प्रेशन पुन्हा बघा, सुरुवातीला लिहिलेल्या आकड्यांशी ताडा, मग दर ५,००० ला. एखादा सिलिंडर अर्ध्या बारने उतरला तर ३४० चा मॅप टाकून महिनाभर पाहा. एक बार उतरला तर मॅप बदलून भागणार नाही, बोअरस्कोप (सिलिंडरमध्ये डोकावणारा बारीक कॅमेरा) घाला आणि हेड खोलायची तयारी ठेवा. आणि ५०० न्यूटन-मीटर हवेच असतील तर इंजिन उतरवून फोर्ज्ड रॉड घाला. एकदा संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढलाच आहे तर बेअरिंगही नवे घाला.