अ‍ॅकवर्थ: यॉर्कशरमधली एक क्वेकर शाळा

लीड्सला राहत असताना क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची अ‍ॅकवर्थची शाळा बघायचं फार मनात होतं. लीड्सहून गाडीने पाँटिफ्रॅक्टला उतरायचं आणि तिथून दक्षिणेला बसने थोडं पुढे जायचं. पाँटिफ्रॅक्ट ज्येष्ठमधासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या काळ्याभोर, चपट्या गोळ्या अजूनही मिळतात. एक पुडी घेतली आणि बसमध्ये चघळत बसले. (अ‍ॅकवर्थ म्हटलं की मुंबईकरांना वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आठवेल. ते म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या नावाचं, या शाळेशी त्याचा काही संबंध नाही.)

आधी ईमेलवर परवानगी घेतली होती, त्यामुळे दारात कुणीतरी वाट बघत होतं. समोर मोठं पटांगण, मधोमध दगडी मुख्य इमारत आणि दोन्ही अंगांना पूर्व-पश्चिम विंगा. ही वास्तू मुळात शाळेसाठी बांधलेली नाही. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलची, म्हणजे आईबापांना सोडून द्यावी लागलेल्या बाळांना सांभाळणाऱ्या संस्थेची ही शाखा. सरकारी पैसा आटला आणि १७७३ मध्ये ती बंद पडली. रिकामी पडलेली ही जागा जॉन फॉदरगिल या लंडनच्या क्वेकर डॉक्टरांच्या नजरेत भरली, आणि १७७९ मध्ये बेताच्या परिस्थितीतल्या क्वेकर घरांतल्या मुलामुलींसाठी इथे निवासी शाळा सुरू झाली. पहिले विद्यार्थी होते दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावाहून आलेले भाऊ-बहीण. पूल ते यॉर्कशर म्हणजे जवळजवळ अख्खा इंग्लंड ओलांडायचा, तोही घोडागाडीने!

मुलींना सुरुवातीपासून प्रवेश होता, हे त्या काळात मोठंच. पण मुलगे एका विंगेत आणि मुली दुसऱ्या, दोघांच्या वाटा वेगळ्या. मध्ये एक फरसबंद पट्टा आहे, त्याला सगळे 'फ्लॅग्ज' म्हणतात. सख्ख्या, चुलत, मावस भावंडांनी तेवढं तिथे एकमेकांना भेटायचं, बोलायचं. मी त्या फरश्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. फार वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे वार्षिक सुट्टी अशी नव्हतीच. एकदा आलेलं मूल शिक्षण संपवूनच घरी जायचं. दहा वर्षांच्या पोरीला अख्ख्या शाळेत आपलं म्हणावं असं माणूस एकच, धाकटा भाऊ, आणि तो भेटणार या एवढ्याशा फरशीवर! शिस्तीचं कितीही कौतुक केलं तरी हा नियम कठोरच होता. त्यातून या मुलांना काहीतरी मिळत असेल असं मला वाटतं, पण किंमत लहान जिवांनी मोजली हे विसरून चालणार नाही.

दिवस घंटेवर चालायचा. वारांना देवांची नावं नकोत म्हणून रविवार 'पहिला दिवस', सोमवार 'दुसरा दिवस'. कपडे साधे, झालर-फितींना मज्जाव. मुली वाचन-लेखनाबरोबर शिवण, विणकाम आणि रफू शिकत.

शाळेने जपलेले त्या मुलींच्या भरतकामाचे नमुने बघायला मिळाले, आणि तिथे मात्र माझा पाय निघेना. लिननच्या कापडाचा एक तुकडा. त्यावर फुलीच्या टाक्याने भरलेली अष्टकोनी चक्रं, कडेने तशीच अर्धी चक्रं. एकात हंस, एकात फुलाची डहाळी, बाकीच्यांत नुसती भूमितीची नक्षी. मधूनमधून दोन-दोन अक्षरं पेरलेली: मैत्रिणींच्या नावांची आद्याक्षरं. काच जवळ होती, म्हणून एक हंस टाका न् टाका बघता आला. त्याची मान एका ओळीने चुकून जाड झाली होती आणि ती उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा कापडात राहिल्या होत्या. साधेपणाचा एवढा आग्रह, पण या चक्रांना कुणी हरकत घेतली नाही. बरं केलं!

दुपारी मुलांबरोबर सभागृहात बसले. क्वेकरांच्या प्रार्थनेत पुरोहित नाही, आरती-भजन नाही. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो आणि पुन्हा खाली बसतो. आपल्याकडे वर्गातली शांतता म्हणजे 'हाताची घडी, तोंडावर बोट'. बाई गप्प बसवतात आणि आपण बसतो. इथे बाईही गप्प, मुख्याध्यापकही गप्प, कुणी कुणावर लक्ष ठेवून नाही. अकरा-बारा वर्षांची पोरं पाय हलवत होती, एक जण नखं कुरतडत होता, एकीला शिंक आली. कुणी डोळे वटारले नाहीत. मग सहावी-सातवीतला वाटणारा एक मुलगा उभा राहिला, आजारी मित्राबद्दल दोन वाक्यं बोलला आणि बसला. त्यावर 'छान' नाही, टाळ्या नाहीत. मोठ्यांचं बोलणं जसं ऐकतात तसं ऐकलं गेलं. मुलाच्या बोलण्याला एवढा मान मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश खासदार जॉन ब्राइट इथे काही काळ शिकला आणि पुढे यॉर्कच्या क्वेकर शाळेत गेला. १८५८ मध्ये पार्लमेंटात याच माणसाने सांगितलं होतं की हिंदुस्थानासाठी एकच गव्हर्नर जनरल नको, मुंबई, मद्रास, कलकत्ता, आग्रा आणि लाहोर असे पाच स्वतंत्र इलाखे करा. क्रिमियाच्या युद्धालाही त्याने उघड विरोध केला होता आणि लोकांचा रोष ओढवून घेतला होता.

आता इथे क्वेकर नसलेलीच मुलं जास्त आहेत. बाहेरगावची, परदेशातली मुलं वसतिगृहात राहतात, बाकीची रोज घरून येतात. मुलं-मुली एकत्र शिकतात, संध्याकाळी 'प्रेप'ला, म्हणजे अभ्यासाच्या तासाला बसतात, आणि सुट्टीत सगळी आपापल्या घरी जातात. हाँगकाँगहून आलेली एक मुलगी माझ्याबरोबर वसतिगृहापर्यंत आली. मी विचारलं, "शांत बसल्यावर काय करतेस गं?" ती म्हणाली, आधी खिडकीच्या काचा मोजते, मग राहिलेला गृहपाठ आठवतो, मग आजी. आजीशी ती मनातल्या मनात कँटनीजमध्ये बोलते आणि रविवारी फोनवर त्यातलं अर्धंच सांगते. उरलेलं का नाही सांगत, हे विचारणार तोच जेवणाची घंटा झाली. आज कस्टर्ड आहे म्हणाली आणि पळालीच.