टीव्हीची हुशारी बंद करताना: घरच्या घरी एचडीआर ग्रेडिंग

जेजुरीच्या सोमवती यात्रेचं फुटेज एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या स्वरूपात, ग्रेड करायचं होतं, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड पक्के करायचे होते. त्यासाठीचे खरे रेफरन्स मॉनिटर लाखांच्या घरात जातात, म्हणून हॉलमधला ओएलईडी टीव्हीच कामाला जुंपला.

ग्राफिक्स कार्डाची केबल थेट टीव्हीला लावली की मध्ये विंडोज लुडबुड करतं. ते टाळायला डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे व्हिडिओ आउटपुट कार्ड घेतलं. त्यातून दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंग सॉफ्टवेअरचा १० बिट सिग्नल जसाच्या तसा टीव्हीला जातो. मग मेन्यूत शिरून ऊर्जा बचत, मोशन स्मूदिंग, शार्पनेस, खोलीच्या उजेडानुसार ब्राइटनेस, सगळं बंद. डायनॅमिक टोन मॅपिंग, म्हणजे आवाक्याबाहेरचा उजेड टीव्हीने आपल्या आवाक्यात बसवणं, ते तर आधी. पीक्यू या एचडीआर सिग्नलची मर्यादा १०,००० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक), माझा पॅनल जेमतेम ७०० पर्यंत जातो. वरचं सगळं टीव्ही आपल्या मर्जीने दाबून बसवणार असेल तर मी ग्रेड नेमकं कशाचं करतोय? एचजीआयजी या टोन मॅपिंग न करणाऱ्या मोडमध्ये तो निदान ७०० पर्यंत खरं दाखवतो. त्यापुढे स्कोपवर, म्हणजे सिग्नलची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर भरवसा.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे रंग मोजून जुळवणं. टीव्ही अर्धा तास तापू दिला आणि आय१ डिस्प्ले प्रो हा रंग मोजणारा मीटर पडद्याला टेकवला. सॉफ्टवेअर एचसीएफआर, फुकट आहे. मीटरला ओएलईडीची करेक्शन फाइल देणं मात्र टाळू नका, नाहीतर पांढराच चुकीचा मोजला जातो. लक्ष्य डी६५ हा प्रमाण पांढरा, म्हणजे रंगाच्या नकाशावर एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०. मोजायला दाखवायचे रंगाचे चौकोन, म्हणजे पॅच, पडद्याच्या १० टक्केच ठेवले, कारण पूर्ण पडदा पांढरा केला की टीव्ही स्वतःच उजेड कमी करतो.

खरा वैताग पुढे. पॅच तोच, पण मीटरचा आकडा हळूहळू खाली घसरतोय! चित्र स्थिर राहिलं की पॅनल जळू नये म्हणून टीव्ही गुपचूप अंधूक होतो. आणि ग्रेडिंग म्हणजे तर फ्रेम थांबवून तिच्याकडे टक लावून बसणं. सर्व्हिस मेन्यूतून हे बंद करता येतं म्हणतात, पण वॉरंटीवर पाणी सोडायची माझी तयारी नव्हती. पॅचमध्ये काळी फ्रेम घालत मोजमाप उरकलं, आणि ग्रेड करताना शॉट लूपवर चालू ठेवतो.

राखाडी छटा सुधारल्या, पण भंडारा काही केल्या पिवळाधमक होईना. या पॅनलमध्ये लाल-हिरव्या-निळ्यासोबत पांढराही उपपिक्सेल असतो. उजेड वाढवायला तो मदतीला येतो आणि रंग फिका पाडतो. कॅलिब्रेशनने हे सुटत नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) मार्गदर्शक अहवालात साधा पांढरा २०३ निट्सवर धरतात. भंडारा त्याच्या आसपासच ठेवला तेव्हा तो पुन्हा हळदीसारखा दिसला. त्यावरची जागा पालखीवर चमकणाऱ्या उन्हाला.

माझ्या टीव्हीत प्रत्येक एचडीएमआयची सेटिंग वेगळी राहते. घरच्यांच्या मालिकांचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टवर हलवला. तिथे त्यांना हवा तेवढा भडक रंग.