अंगठ्याच्या नखावरची रेघ

बोट कुठेतरी दारात चेंगरलं असेल, असं मी दोन महिने मनाची समजूत घालत होते. उजव्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत तपकिरी रेघ होती, पेन्सिलीनं ओढावी तशी. कुठलं दार, कधी, ते काही केल्या आठवेना.

मार लागून नखाखाली रक्त साकळलं, तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे डागाच्या मागे स्वच्छ नख दिसू लागतं. मी पट्टी शेजारी धरून फोटो काढत गेले. मुळातून येणारं नवं नखही रेघ घेऊनच येत होतं. म्हणजे रंग आतच कुठेतरी तयार होत होता, आणि माझं दार खोटं ठरलं होतं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी नेलपॉलिश पुसायला लावलं आणि मग मोजेही काढायला सांगितले. अंगठा दाखवायला आलेय आणि या पायाची बोटं काय बघतायत! पण त्यांना वीसही नखं बघायची होती. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर वयाबरोबर अशा रेघा येतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. बी१२ची कमतरता किंवा केमोथेरपीची काही औषधं यांनीही रेघा उमटतात, पण तेव्हाही बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त नखांवर. माझी मात्र एकाच नखावर, तीही चाळिशी उलटल्यावर आलेली. नखाखालचा मेलानोमा हा कर्करोग दुर्मीळ, पण तो झालाच तर बहुतेकदा हाताच्या नाहीतर पायाच्या अंगठ्यालाच गाठतो.

त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी आणि नख मोठं करून दाखवणारं दिव्याचं भिंग, लावून पाहिलं. रंग नखाबाहेर कातडीवर उतरलेला नव्हता. ती चांगली खूण. पण माझ्या फोटोंमध्ये रेघ २ मिलिमीटरवरून ३च्या पुढे गेलेली होती आणि मुळाशी जास्त रुंद होती. “बायोप्सी करूया,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, रेघेचाच तुकडा काढतील. पण रंग बनतो नखाच्या मुळाशी, कातडीखाली; तुकडा तिथलाच घ्यावा लागतो. बोट बधिर करणारं इंजेक्शन सगळ्यात दुखलं. मग बोटाच्या बुडाशी रबर घट्ट आवळला, कातडी मागे सारली, नखाचा भाग उचलला. त्यापुढचं मी बघितलं नाही. रात्रभर हात उशीवर उंच ठेवून ठणका मोजत बसले.

रिपोर्ट दहा दिवसांनी मिळाला. त्या दहा दिवसांत इंटरनेट उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी उघडलं.

कर्करोग नव्हता. रंग बनवणाऱ्या पेशी जास्त काम करत होत्या, त्यांची संख्या वाढलेली नव्हती. नखावर बारीक खाच राहील हे त्यांनी आधीच बजावलं होतं, ती राहिली. रेघही थोडी उरली आहे. दर सहा महिन्यांनी पट्टी धरून फोटो काढते आणि नेलपॉलिश बाकीच्या नऊ नखांनाच लावते.